सूत काठाशी का तुटतं?

प्रश्न : ताई, मी सोलापूरची, वय २४. वडील यंत्रमागावर चादरी विणतात. मी सिरॅमिकची शिल्पं करते आणि त्यांत मागावरचं उरलेलं सूत ओवते. दोन-तीन महिन्यांत सूत भोकाशी झिजून तुटतं. कच्च्या मातीत दाबून भाजलं तर जळून जातं. त्यात एका प्रदर्शनाने ‘हे शिल्प नाही, हस्तकला आहे’ म्हणून काम परत पाठवलं. काय करू?
– एक वाचक, अशोक चौक

उत्तर : तू पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. दोष सुताचा नाही, भोकाचा आहे. टोचताना उठलेली मातीची खरखरीत कड तशीच भाजली गेलीय. भाजल्यावर ती करवतीसारखी चालते. माती चामड्यासारखी घट्ट झाली की भोक पाड, कड थोडी सुकली की नखाने काढ, मग ओल्या स्पंजने दोन्ही बाजूंनी गोल कर. भोक थोडं मोठंच ठेव. सुकताना आणि भाजताना मिळून माती १०-१२ टक्के सहज आटते, वर झिलई जाड बसली तर भोक बुजतंच.

एकदा वडिलांबरोबर वार्पिंगच्या, म्हणजे ताण्याचे उभे धागे गुंडाळायच्या, मशीनपाशी जाऊन उभी राहा. तिथे सूत ज्या छोट्या कड्यांतून धावतं, त्या बहुधा चिनी मातीच्या असतात. त्यांच्या कडेवरून बोट फिरव. तुझं भोक तितकं गुळगुळीत हवं. माती आणि सूत तुझ्या गावात कधीचे एकत्र नांदताहेत, हे बघून मला फार बरं वाटतं.

जळणाऱ्या सुताचं दुःख करू नकोस, ते जळणारच. कुंभार मातीत घोड्याची लीद मिसळतात, तिच्यातल्या काड्या जळतात आणि मातीत बारीक पोकळ्या उरतात. तूही सूत पातळ चिखलात भिजवून भाजून बघ. धागा जातो, त्याचं पोकळ कवच राहतं. नाजूक असतं, पण विणीचा ठसा हुबेहूब येतो. आधी गरम पाण्यात धुऊन खळ काढ, नाहीतर चिखल आत मुरत नाही. जे सूत नंतर ओवायचं तेही धू, खळीला कसर लागते. आणि भट्टीच्या खोलीच्या खिडक्या उघड्या ठेव, धूर होतो.

परत आलेल्या कामाचं वाचून मला राग आला. मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) बडोद्याला शिकल्या. तागाचे दोर रंगवून, हाताने गाठी मारत त्यांनी माणसाएवढी शिल्पं उभी केली, पुढे सिरॅमिकही केलं. त्यांचं काम नीट पाहा. गाठ मारली म्हणून शिल्पाचं शिल्पपण जात नाही, हे तिथे डोळ्यांना दिसतं.

आणखी एक. फोटोत डाव्या कोपऱ्यात, मागच्या बाजूला, विणकराची गाठ दिसतेय. तुटलेला ताणा जोडताना मारतात तीच. वडिलांनी शिकवली असणार. ती मागे लपवलीयस. पुढच्या कामात समोर आण, आणि जाड सुतात मार.