पुण्यात मेट्रो सुरू झाली तरी ट्रॅफिक कमी का होत नाही? आधी काय करायला हवं?

आधी पीएमपीच्या बस वाढवा आणि मोठ्या रस्त्यांवर त्यांना राखीव लेन द्या. मेट्रोच्या पहिल्या टप्प्यात वनाझ–रामवाडी आणि पिंपरी–स्वारगेट असे दोनच मार्ग आहेत. वाघोली, आंबेगाव, धायरीचा माणूस स्टेशनपर्यंत जाणार कसा? बस दहा मिनिटांत येईल याची खात्री नसेल तर तो दुचाकीच काढणार, आणि एकदा काढली की थेट ऑफिसपर्यंत नेणार. शहर वाहतुकीच्या अभ्यासात नेहमी दिला जाणारा हिशोब बघा: तीन मीटरच्या एका लेनमधून मोटारींनी तासाला साधारण 600 ते 1600 माणसं जातात, राखीव लेनमधल्या बसने 4000 ते 8000.

मात्र नुसती लेन आखून भागत नाही. 2006 मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव लेनचा मार्ग, झाली, पण लेनमध्ये दुचाक्या आणि रिक्षा घुसत राहिल्या आणि बसचा वेळ वाचेना. त्यामुळे लेनच्या तोंडाशी वॉर्डन, घुसखोरांना कॅमेऱ्यावरून दंड आणि थांब्यापर्यंत चालता येईल असा सलग फुटपाथ, हे तिन्ही सोबतच लागतं.