एक वर्ष हौस म्हणून जाणार असेल तर पाठवूच नका

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. हे कुटुंब मूळचं सांगलीचं, गेली बरीच वर्षं मेलबर्नला असतं. मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिची प्लेसमेंट, म्हणजे शिकतानाचं प्रत्यक्ष काम, नॉर्दर्न टेरिटरीतल्या ॲलिस स्प्रिंग्जला झाली आणि परत आल्यापासून तिने धरलंय की नोकरी करायची तर मध्य ऑस्ट्रेलियातल्या एखाद्या लांबच्या ॲबोरिजिनल, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, कम्युनिटीतल्या (वस्तीतल्या) क्लिनिकमध्येच. आई रडतेय. बाबांचं म्हणणं, एवढे मार्क आहेत तर गॅमसॅट ही प्रवेशपरीक्षा देऊन मेडिसिनला जा. आणि बाबांनी मला विचारलंय: तुम्ही तिला समजवाल का, की मी स्वतःच तिथल्या क्लिनिकच्या मॅनेजरशी बोलून घेऊ?

मार्कांबद्दल काही बोलायलाच नको, छान आहेत. मला खटकलं ते पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलेलं वाक्य: "फारच हट्ट असेल तर एक वर्ष जाऊ दे, समाजसेवेची हौस फिटेल आणि पुढे मेडिसिनच्या अर्जातही बरं दिसेल."

दादा, तुम्हाला वाटतंय तुम्ही दोन पावलं मागे घेतलीत, सुवर्णमध्य काढलात. मला विचाराल तर सगळ्या पर्यायांतला सगळ्यात वाईट पर्याय हाच. मेडिसिनला गेली तरी चालेल, मेलबर्नच्याच हॉस्पिटलात राहिली तरी चालेल, तिकडे जाऊन टिकली तर उत्तमच. पण अर्जात दिसायला म्हणून एक वर्ष? सांगलीकडचे आहात म्हणून तुम्हाला वेगळं सांगायला नको, बॉण्डवर आलेला डॉक्टर पीएचसीत कसे दिवस मोजतो आणि गावाला ते पहिल्या आठवड्यातच कसं कळतं. मग लोक त्याला खरं काही सांगत नाहीत, गोळ्या घेतात नि जातात. नॉर्दर्न टेरिटरीतल्या लांबच्या क्लिनिकांचं सगळ्यात मोठं दुखणं नेमकं हेच आहे. नर्स येतात, जातात, पुन्हा नव्या येतात, एका वर्षात जेवढी पदं आहेत त्याहून जास्त माणसं बदलतात असं तिथल्या अभ्यासात निघालंय. डायबेटीस आणि किडनीचा त्रास असलेल्या एखाद्या आजीने आपली सगळी कहाणी किती नव्या चेहऱ्यांना पहिल्यापासून सांगायची? थकते ती, आणि एक दिवस यायचंच बंद करते.

एक गोष्ट जवळून सांगते म्हणजे मी टिकण्यावर एवढा जोर का देतेय ते कळेल. र्‍हुमॅटिक फीवर तुमच्या पिढीला ऐकून माहीत असेल, आपल्याकडे अजून दर 21 दिवसांनी पेनिड्युअरचं, म्हणजे पेनिसिलिनचं, इंजेक्शन घेणारी मुलं आहेत. मेलबर्नमधल्या बहुतेक डॉक्टरांनी हा आजार पुस्तकातच पाहिलेला असतो, पण त्याच देशातल्या ॲबोरिजिनल मुलांमध्ये त्याचं प्रमाण जगात सगळ्यात जास्त असलेल्या ठिकाणांच्या रांगेत बसतं. कारण काही गूढ नाही. छोट्या घरात खूप माणसं, नळाचा-बाथरूमचा सारखा बिघाड, त्यातून घशाचे नि कातडीचे स्ट्रेप नावाच्या जंतूचे इन्फेक्शन, आणि त्याचा फटका बसतो थेट हृदयाच्या झडपांना. एकदा फीवर येऊन गेला की पुन्हा येऊ नये म्हणून साधारण दर 28 दिवसांनी पेनिसिलिनचं घट्ट, भयंकर दुखणारं इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षं. आता समजा दहा-अकरा वर्षांचा मुलगा आहे, सव्वीसावा दिवस उजाडलाय आणि घरचे सगळे कुणाच्या तरी अंत्यविधीला दोन-तीनशे किलोमीटरवरच्या दुसऱ्या कम्युनिटीत गेलेत, कधी परततील ते नक्की नाही. नव्या नर्सला कॉम्प्युटरवर फक्त "ड्यू" दिसतं, ती गाडी घेऊन घरी जाते, घर बंद, ती नोंद करते की पेशंट सापडला नाही. जी तिथे टिकून आहे ती दुकानात मावशीला विचारते, मुलगा कुठल्या आजीकडे आहे ते तिला कळतं, तिकडच्या क्लिनिकला फोन करून ती डोस तिथेच द्यायला लावते. आणि पोरगं समोर असलं तर तिला हेही माहीत असतं की याला फुटीची, म्हणजे तिकडच्या फुटबॉलची, प्रॅक्टिस झाल्यावर बोलवायचं, आधी बर्फ लावायचा, आणि कुठल्या बाजूला टोचायचं ते त्यालाच ठरवू द्यायचं. यातलं कुठलं काम एका वर्षात जमेल असं तुम्हाला वाटतं?

आता तुमचा एक गैरसमज, तो जरा नीट काढते कारण तो एकट्या तुमचा नाही, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पालकांचा आहे. तुम्ही लिहिलंय, "त्या बिचाऱ्या लोकांसाठी हिने आयुष्य का झिजवायचं, सरकार बघेल की." बिचारे लोक तिची वाट बघत बसलेले नाहीयेत हो. सिडनीच्या रेडफर्नमध्ये ॲबोरिजिनल लोकांनी स्वतःचा दवाखाना काढला तो 1971 साली, ॲलिस स्प्रिंग्जमध्ये काँग्रेस नावाची त्यांची संस्था 1973 पासून आहे, आणि आज देशभरात अशा 140 च्या वर आरोग्यसंस्था आहेत ज्यांचं बोर्ड त्या त्या समाजाने निवडलेलं असतं. ॲलिसपासून पश्चिमेला पाचशेहून जास्त किलोमीटरवर किंटोर नावाची वस्ती आहे. तिथल्या लोकांना डायलिसिससाठी घरदार सोडून ॲलिसला जाऊन राहावं लागायचं, म्हातारी माणसं आपल्या जमिनीपासून लांब, एकटी मरायची. मग तिथल्या नि किविरकुरा नावाच्या दुसऱ्या वस्तीतल्या चित्रकारांनी मोठमोठी चित्रं काढली, 2000 साली सिडनीच्या आर्ट गॅलरीत त्यांचा लिलाव केला, दहा लाख डॉलरच्या वर पैसे उभे केले आणि 2004 मध्ये किंटोरमध्येच डायलिसिस सुरू झालं. आज ती संस्था पर्पल हाऊस म्हणून ओळखली जाते. हे बिचारे? तुमच्या मुलीला असल्या संस्थेत नोकरी हवी असेल तर त्या लोकांसमोर मुलाखत देऊन ती मिळवावी लागेल, आणि तिच्याबरोबर जे ॲबोरिजिनल हेल्थ प्रॅक्टिशनर असतील ते तिचे मदतनीस नसतील, 2012 पासून त्यांची देशपातळीवर नर्सेससारखीच नोंदणी होते. लस देण्यापासून ते तपासणीपर्यंत सगळं ते करतात, आणि शिवाय कुठल्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, पुरुषाची कुठली तक्रार बाईने ऐकायची नाही, गावात कुणी गेलं की पुढचे काही दिवस क्लिनिक का ओस पडतं, हे तिला तेच शिकवतील. स्थानिक बायकांनाच आरोग्याच्या कामासाठी तयार करायचं हे आपल्या जामखेडला आरोळे डॉक्टर दांपत्याने 1970 पासून करून दाखवलंय, आणि गंमत बघा, तुमच्याच मेलबर्न विद्यापीठाचे विद्यार्थी ते बघायला जामखेडला येऊन गेलेत.

आणखी एक, तिला आधीच माहीत असेल पण तुम्हालाही माहीत असू दे. एखादी आई आजारी बाळ घेऊन क्लिनिकला यायला कचरली तर तो अडाणीपणा समजू नका. सरकारी माणसं, त्यात आरोग्य आणि वेल्फेअरवाले आले, पिढ्यान् पिढ्या ॲबोरिजिनल घरांतून मुलं उचलून नेत होते, 1970 च्या आसपासपर्यंत. पंतप्रधानांनी पार्लमेंटमध्ये माफी मागितली ती 13 फेब्रुवारी 2008 ला. ज्या आजीला लहानपणी असं उचलून नेलं ती आज त्याच वेटिंग रूममध्ये नातवाला मांडीवर घेऊन बसलेली असू शकते.

सुरक्षेचं. तुम्ही साप, दारू आणि एकटी मुलगी असं सगळं एका ओळीत कोंबलंय. काळजी खोटी नाही, मी ती हसण्यावारी नेणार नाही. 2016 मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या फ्रेगनला गेल वुडफर्ड नावाच्या नर्सचा खून झाला, ती रात्रीच्या ऑन-कॉलला होती. त्यानंतर त्या राज्यात तिच्याच नावाने ओळखला जाणारा कायदा आला, की लांबच्या भागात रात्री-अपरात्री कॉलला आरोग्य कर्मचाऱ्याने एकट्याने जायचं नाही, सोबत दुसरं माणूस हवं. म्हणून मॅनेजरला सापाबद्दल विचारण्यापेक्षा हे विचारायला पाहिजे: रात्री दोनला फोन आला तर माझ्याबरोबर कोण येणार, ते माणूस स्थानिक आहे का, त्याला पगार मिळतो का की असंच कुणाला तरी उठवायचं? रात्रभर जागल्यावर सकाळी आठला क्लिनिक उघडायचं की झोपायला मिळतं? रजेवर गेले तर बदली नर्स खरंच येते का? क्वार्टरच्या दाराला धड कुलूप आहे का? यांची उत्तरं गोलमोल आली तर ती नोकरी घ्यायची नाही, मग कम्युनिटी कितीही आवडलेली असो. नर्सेस तिथून पळतात त्यात उन्हाचा वाटा कमी आणि थकव्याचा, एकटेपणाचा, वर कुणी विचारत नसल्याचा वाटा जास्त असतो. स्वतःची झोप आणि डोकं ठिकाणावर नसलेली नर्स कुणाचं काय भलं करणार? क्रानाप्लस नावाची संस्था अशा लांबच्या कर्मचाऱ्यांसाठी चोवीस तास फोनवर सायकॉलॉजिस्ट देते, बुश सपोर्ट लाइन म्हणतात तिला, फुकट आहे, आणि ती घरच्यांसाठीसुद्धा आहे. वहिनींना हे आवर्जून सांगा, त्या मराठीत रडल्या तरी फोन इंग्रजीत करू शकतात.

आता तुमच्या मुलीलाही जरा बोलते, कारण ती पण घाई करतेय. पास झाल्या झाल्या दोन नर्सच्या क्लिनिकमध्ये थेट जायचं नाही बाई. तिथे डॉक्टर बहुतेक वेळा फोनवर असतो, समोर छातीत दुखणारा माणूस, बाळंतीण आणि तापाने फणफणलेलं पोर एकाच दुपारी येतात आणि फ्लाइंग डॉक्टरचं विमान उतरेपर्यंत सगळं तुझ्या हातात. कार्पा मॅन्युअल, म्हणजे अशा क्लिनिकांसाठीचं उपचारांचं पुस्तक, समोर उघडं असतं हे खरं, पण ते वाचून हात चालायला आधी हात तयार पाहिजे. ग्रॅज्युएट इयर, म्हणजे पास झाल्यानंतरचं पहिलं वर्ष, ॲलिस स्प्रिंग्ज हॉस्पिटलसारख्या ठिकाणी कर, इमर्जन्सी आणि मुलांचा वॉर्ड घे, क्रानाप्लसचे रिमोट इमर्जन्सी नि मॅटर्निटीचे कोर्स कर, मग जा. गेलीस की एकाच कम्युनिटीत निदान तीन वर्षांचं मनाशी धर, मध्ये सुट्टीला घरी ये, पण परत तिथेच जा. एवढं जमणार नसेल तर मेलबर्नमध्ये राहिलीस म्हणून कुणी तुला नावं ठेवणार नाही.

मेडिसिनचं म्हणाल तर गॅमसॅट कुठे पळून जात नाही, तिला वाटलं तर ती तिशीतही देईल. पण नर्स म्हणजे डॉक्टर व्हायचं राहून गेलेलं माणूस, हे जे तुमच्या पत्रातून डोकावतंय ते तिच्यासमोर बोलू नका, तिला ते आधीच कळलंय अशी मला दाट शंका आहे.

आणि हो, मॅनेजरशी तुम्ही बोलायचं नाही. वर लिहिलेले प्रश्न तिला द्या, ती विचारेल. मुलाखतीच्या वेळी खोलीतही बसू नका, लॅपटॉपच्या मागे उभे राहून खुणा तर अजिबात नाही.