उत्तम आहार उपलब्ध असताना खेळाडू उत्तेजके का घेतात, आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती अधिकृत केल्यास काय बिघडेल?

कोल्हापूरच्या एका तालमीत मी काही वर्षे मेहनत केली असल्यामुळे आहारापासूनच सुरुवात करतो. आमचा खुराक म्हणजे जोर-बैठका आणि लढती आटोपल्यावर कुंडीत घोटलेली बदाम-खसखशीची थंडाई, दोन-तीन लिटर म्हशीचे दूध, तूप आणि परवडेल तसे मटण. खाल्लेले मातीत जिरवले तरच अंगी लागते, असे वस्ताद बजावत असत, आणि ते खरेच होते. दिवसाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे 2 ग्रॅमच्या पुढे कितीही प्रथिने खाल्ली, तरी स्नायू त्या प्रमाणात वाढत नाहीत. आहार झीज भरून काढतो आणि मेहनतीला बळ पुरवतो. वाढीचा वेग मात्र शरीरच ठरवते.

स्नायू वाढवणारी स्टिरॉइडसारखी उत्तेजके नेमका तो वेगच बदलतात. डॉ. शलेंदर भसीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सुमारे चाळीस पुरुषांचा आहार सारखा ठेवून काहींना दहा आठवडे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची मोठी मात्रा दिली होती. औषधाविना व्यायाम करणाऱ्यांचे चरबीविरहित वजन सुमारे 2 किलोंनी वाढले, व्यायाम न करता केवळ इंजेक्शन घेणाऱ्यांचे 3 किलोंहून अधिक, आणि दोन्ही करणाऱ्यांचे सुमारे 6 किलोंनी. हे आकडे प्रथम वाचले तेव्हा मला फार वाईट वाटले होते. म्हणूनच आहार सुधारला की उत्तेजकांचा मोह आपोआप सुटेल, हे मला पटत नाही.

देखरेखीचे म्हणाल, तर पूर्व जर्मनीत 1974 पासून सरकारी योजनेनुसार डॉक्टर, प्रयोगशाळा आणि काटेकोर नोंदी यांच्यासह हेच चालले होते. किशोरवयीन मुलींना जीवनसत्त्वे म्हणून स्टिरॉइडच्या निळ्या गोळ्या दिल्या गेल्या; त्यांचे आवाज घोगरे झाले, अंगावर केस वाढले, अनेकींना पुढे गंभीर आजार जडले. तेथील क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांना बर्लिनच्या न्यायालयाने 2000 मध्ये या प्रकरणी दोषी ठरवले. ते सारे चोरून आणि संमतीविना झाले, आपण तर उघड व संमतीने करू म्हणतो, असा आक्षेप आपण घ्याल, आणि तो रास्त आहे. परंतु समोरचा मल्ल घेत असेल तर न घेणारा आखाड्याबाहेरच पडतो, मग त्या संमतीला कितीसा अर्थ उरतो?

माझ्याबरोबरची बहुतेक मुले पंधरा-सोळा वर्षांची होती आणि त्यांच्या खुराकाचे पैसे गावाकडून उसाच्या बिलातून येत असत. अशा मुलाला उद्या त्याच्याच वस्तादाने इंजेक्शन घ्यायला सांगितले, तर यावर बंदी आहे, एवढे तरी त्याला आज म्हणता येते.