नवी गाडी आणि एसी गार नाही? लगेच गॅस भरायला जाऊ नका

एप्रिल लागला की एसीच्या प्रश्नांचा ढीग पडतो, आणि यंदा त्यातल्या बऱ्याच गाड्या वर्षाच्या आतल्या आहेत, म्हणून आज फक्त नव्या गाड्यांचेच प्रश्न घेतोय. एक विनंती आधीच करून ठेवतो. "एसी नीट चालत नाही" एवढंच लिहू नका, कधी चालत नाही ते लिहा. उभ्या गाडीत की पळत्या, सुरू केल्या केल्या की तासाभराने, दुपारीच की रात्रीसुद्धा, निम्मा आजार तिथेच सापडतो.

नागपूरहून: "भाऊ, गाडी घेऊन चार महिने झाले. दुपारी ऑफिसमधून निघालो की अर्धा रस्ता संपेपर्यंत गाडी थंडच होत नाही, सकाळी मात्र एकदम मस्त. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात गॅस चेक करून भरून देतो. भरू का?"

थांबा जरा. मे महिन्यात तुमच्याकडे सावलीत ४५ अंश असतात, आणि उन्हात काचा बंद करून उभी केलेली गाडी आतून ६० च्या पुढे जाते. नुसती हवा नाही, डॅशबोर्ड, सीटा, छत सगळं तापलेलं असतं आणि एसीला ते सगळं गार करायचं असतं, एवढीशी १.० किंवा १.२ लिटरची इंजिनं, त्यावर चालणारा, एसीचा गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर पण त्याच मापाचा, दोन मिनिटात चमत्कार होणार नाही. गाडीत बसलात की चारही काचा खाली, ब्लोअर फुल, आणि मिनिट-दोन मिनिटं तसेच निघा, आतली भट्टी बाहेर जाऊ द्या. मग काचा वर आणि रिसर्क्युलेशनचं बटण दाबा, तेच ते, गाडीच्या चित्रात गोल वळणारा बाण असलेलं. हे बटण बंद असेल तर एसी प्रत्येक वेळी बाहेरची ४५ ची हवा ओढून गार करत बसतो आणि कितीही मारामारी केली तरी पुरा पडत नाही. अजून एक गंमत म्हणजे बऱ्याच गाड्यांत पुढच्या काचेवरची वाफ घालवायचा मोड लावला की रिसर्क्युलेशन आपोआप बंद होतं आणि नंतर आपल्याला आठवतही नाही. तापमानाचा नॉब पूर्ण निळ्या टोकाला आहे ना तेही बघा, थोडा जरी मधे असला तरी हीटरची गरम हवा त्यात मिसळते. लांबच्या प्रवासात मात्र रिसर्क्युलेशन सतत लावून ठेवू नका, बंद हवेत ड्रायव्हरला पेंग येते, अधूनमधून बाहेरची हवा घ्या.

आता गॅसचं. थोडा कमी गॅस असेल तर तोही आधी दुपारच्याच उन्हात जाणवतो, त्यामुळे सर्व्हिसवाला खोटंच बोलतोय असं मी म्हणणार नाही. पण आधी मोजा. काडीचा डिजिटल थर्मामीटर ऑनलाइन दोन-तीनशेला मिळतो, तो मधल्या व्हेंटमध्ये खोचा, रिसर्क्युलेशन लावून दहा मिनिटं गाडी पळवा. बाहेर ३५ असताना व्हेंटमधून साधारण ७ ते १० ची हवा येत असेल तर एसी ठणठणीत आहे. नागपूरच्या भर दुपारी तोच आकडा १२-१४ दिसला तरी घाबरू नका. आणि हो, पॅनोरमिक सनरूफ घेतलंय का? घेतलं असेल तर दिवसा पडदा बंद ठेवा, विदर्भात डोक्यावर काच हा शौक महागातच पडतो.

पुण्याहून, हिंजवडीचा रोजचा ट्रॅफिक: "सिग्नलला उभं राहिलं की कोमट हवा, गाडी निघाली की परत गार. नवीन गाडीत असं का?"

पहिला प्रश्न माझाच, सिग्नलला इंजिन चालू असतं का? हसू नका, हल्ली बऱ्याच पेट्रोल गाड्यांत थांबलं की इंजिन आपोआप बंद होतं, आणि इंजिन बंद म्हणजे त्याच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर पण बंद, नुसता पंखा हवा फेकत राहतो. खूप जण हे डिलिव्हरीच्या वेळी ऐकतात आणि पेढ्यांच्या गडबडीत विसरतात. डॅशवर इंग्रजी ए भोवती बाण असलेलं बटण असेल, ते दाबून सुविधा बंद करा, बऱ्याच गाड्यांत दर वेळी गाडी सुरू केल्यावर परत दाबावं लागतं.

इंजिन चालू असूनही कोमट येत असेल तर संशय कंडेन्सरच्या पंख्यावर. कंडेन्सर म्हणजे ग्रिलमागची जाळी, गॅसमधली उष्णता ती बाहेर टाकते. गाडी पळताना समोरून वारा लागतो म्हणून कंडेन्सर गार राहतो, उभ्या गाडीत ते काम पुढच्या पंख्याचं. बॉनेट उघडा, एसी लावा, पंखा फिरतोय का बघा, हात आणि ओढणी लांब ठेवून. फिरत नसेल तर फ्यूज, रिले किंवा मोटर, सगळं वॉरंटीतलं काम. फिरत असेल तर ग्रिलमधून कंडेन्सरची जाळी बघा, मेट्रोच्या कामांची धूळ आणि चिखल बसून ती पार लिंपलेली असते. पाणी मारा पण साध्या पाइपने, वॉशिंग सेंटरचा प्रेशर जवळून मारला तर जाळीच्या बारीक पात्या आडव्या होतात आणि मग हवा जायची वाटच बंद.

सांगलीहून: "मुंबईला जाताना पहिला तासभर एसी झकास, मग हळूहळू हवाच कमी यायला लागते, ब्लोअर चारवर ठेवला तरी नुसता आवाज. जेवायला थांबून परत निघालो की पुन्हा झकास. दोनदा दाखवली, तिथे काहीच सापडत नाही."

सापडणार नाहीच, कारण तुम्ही गाडी नेईपर्यंत पुरावा वितळलेला असतो! तुमच्या डॅशच्या आत बर्फ साचतोय. व्हेंटच्या मागे इव्हॅपोरेटर नावाची गार जाळी असते, हवेतली वाफ तिच्यावर पाणी होऊन खाली गळते, उभ्या एसी गाडीखाली थेंब थेंब पडतं ते हेच पाणी, ते पडणं चांगलं लक्षण आहे. ही जाळी शून्याच्या खाली जाऊ नये म्हणून तिथे एक छोटा सेन्सर असतो, जाळी फार गार झाली की तो कॉम्प्रेसर थांबवायला सांगतो. सेन्सर बिघडला किंवा जागेवरून सरकला की कॉम्प्रेसर थांबतच नाही, पाण्याचा बर्फ होतो, जुन्या फ्रिजच्या फ्रीजरमध्ये साचायचा तसा, आणि हवेची वाट बंद होते. तुम्ही जेवता तेवढ्यात बर्फ वितळतो आणि सगळे म्हणतात गाडी ठीक आहे.

तुंबलेल्या केबिन फिल्टरने पण हेच होतं, हवाच कमी फिरली तर जाळी गोठते. म्हणून आधी फिल्टर काढून बघा, बहुतेक गाड्यांत ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो, बॉक्सच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो आणि मागे पट्टीसारखं झाकण दिसतं. काही बेस मॉडेलांत फिल्टर दिलेलाच नसतो, नुसती रिकामी जागा असते, मग धूळ थेट जाळीवर जाते, त्यांनी तो बसवून घ्यावा, फार खर्च नाही. फिल्टर साफ असूनही त्रास चालूच असेल तर पुढच्या वेळी हवा कमी व्हायला लागली की गाडी बाजूला घ्या, मोबाइलवर व्हिडिओ काढा, मग एसीचं बटण बंद करून नुसता ब्लोअर पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि हवा परत यायला लागते तेही काढा. हा व्हिडिओ दाखवा आणि जॉब कार्डवर, म्हणजे सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून घेतं त्या कागदावर, "तासाभराने हवा कमी होते, एसी बंद केल्यावर परत येते" असं याच शब्दांत लिहून घ्या. "एसी चेक करणे" एवढं लिहिलं तर ते गाडी दहा मिनिटं चालू ठेवून तुम्हाला परत देणार, आणि ते दोनदा झालेलंच आहे.

चिपळूणहून: "ब्लोअर दोनच्या वर नेला की डाव्या बाजूने खरखर. गाडी सात महिन्यांची. आम्ही उंदरांसाठी बॉनेटमध्ये डांबराच्या गोळ्या टाकतो, त्याचं काही असेल का?"

गोळ्यांचा आवाज नाही येणार पण वास मात्र थेट तुमच्या नाकात येत असणार, कारण हवा आत घ्यायची जागा पुढच्या काचेच्या खालीच आहे. तिथूनच गुलमोहराची बारीक पानं, काड्या आणि तुमचे ते उंदीरमामा पण आत जातात. ब्लोअर साधारण डाव्या सीटच्या पायापाशी असतो, त्याच्या पिंजऱ्यात पान अडकलं की वेग वाढल्यावर खरखर, आणि वेग वाढवत नेला की आवाजही वाढतो. मोटरचा बेअरिंग गेला असेल तर मात्र बारीक चिरका आवाज येतो. फिल्टर काढा, कुरतडलेला असेल, सीटच्या स्पंजचे तुकडे किंवा शेंगांची टरफलं निघाली तर समजा आत घरटं आहे. अशा वेळी ब्लोअर वापरू नका, वायर कुरतडली असेल तर बघून घ्या. आणि हे आधीच सांगतो, उंदराने केलेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही, इन्शुरन्सला विचारा.

ठाण्याहून: "पहिलीच गाडी आहे, एसी लावला की इतके वेगवेगळे आवाज येतात की भीती वाटते. यातले नॉर्मल कुठले?"

कॉम्प्रेसर लागताना-सुटताना टक होतं ते नॉर्मल, एसी किंवा गाडी बंद केल्यावर डॅशमधून फुस्स होतं ते गॅसचं प्रेशर समान होतंय, नॉर्मल, बाहेरचा पंखा एकदम घोंघावतो तेही नॉर्मल, आणि तीन सिलिंडरचं इंजिन असेल तर सिग्नलला एसीसकट स्टिअरिंग थोडं थरथरतं, त्याची सवय होते. पावसात व्हेंटमधून पांढरा धूर निघाल्यासारखं दिसलं तर ती नुसती वाफ आहे, गाडीतून उड्या टाकू नका. घाटात चढाला पूर्ण ॲक्सिलरेटर दाबला की काही छोट्या गाड्यांत एसी क्षणभर सुटतो, पिकअप मिळावा म्हणून कंपनीनेच तसं ठेवलेलं असतं.

नॉर्मल नसलेले दोन सांगतो. तापमान किंवा हवेची दिशा बदलल्यावर डॅशच्या आतून टक-टक-टक असं थोडा वेळ येत राहिलं तर आतली झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते गेलेत, आणि अशा वेळी एका बाजूला गार आणि एका बाजूला कोमट हवा पण येऊ शकते. दुसरा, इंजिनच्या बाजूने घरघर. त्यात एसी बंद करून बघा, आवाज थांबला तर कॉम्प्रेसर किंवा त्याचा क्लच, बंद करूनही राहिला तर पुलीचा बेअरिंग किंवा पट्टा ताणून धरणारा टेन्शनर. ही एक चाचणी करून गेलात की सर्व्हिस सेंटरचा ॲडव्हायझर तुमच्याशी जरा वेगळ्या सुरात बोलतो.

नाशिकहून: "आठ महिन्यांत दोनदा गॅस भरला. म्हणाले गॅस थोडा उडतोच. खरंय का?"

नाही. गाडीचा एसी गॅस खात नाही, तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होजमधून अगदी किंचित झिरपतो, पण त्याचा फरक जाणवायला वर्षं जातात, महिने नाही. आठ महिन्यांत दोनदा संपला म्हणजे गळती आहे, आणि ती न शोधता वरून गॅस भरणं म्हणजे तुमचे पैसे हवेत सोडणं, अक्षरशः. वर एसीतला आर १३४ए हा गॅस वातावरण तापवायला कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त घातक, म्हणून युरोपात नव्या गाड्यांत आर १२३४वायएफ आणला, आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी आर १३४ए हाच.

गळती शोधायच्या पद्धती ठरलेल्या आहेत. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल पण फिरतं, त्यामुळे गळतं तिथे तेलकट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसते, जॉइंट आणि कंडेन्सरची जाळी टॉर्च मारून बघायला सांगा. नाही दिसलं तर गॅससोबत चमकणारा रंग सोडून निळ्या दिव्याने बघतात, किंवा नायट्रोजनचं प्रेशर देऊन साबणाचं पाणी लावतात. हायवेला ट्रकमागून उडालेला खडा कंडेन्सरला लागणं हे नव्या गाडीतलं नेहमीचं कारण, आणि तिथेच वॉरंटीवाले हात वर करतात, मग इन्शुरन्सचा मार्ग. जॉइंटची रिंग किंवा फॅक्टरीतला पाइप असेल तर काम वॉरंटीतच झालं पाहिजे.

भरताना गॅस वजनावर भरला पाहिजे. बॉनेटखाली स्टिकर असतो, छोट्या गाडीला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम लागतो, आणि आधीचा सगळा काढून अर्धा तास तरी व्हॅक्यूम लावून मगच नवीन भरायचा. नुसता प्रेशरचा काटा बघून "थोडा टाकतो" म्हणणाऱ्याकडून भरून घेऊ नका, जास्त झाला तरी कूलिंग कमीच होतं. रस्त्यावरचे स्वस्त डबे तर नकोच, काहींत पेट घेणारं मिश्रण असतं. दोन्ही वेळची बिलं जपून ठेवा, लेखी तक्रार द्या, आणि तरी टोलवाटोलवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५.

पणजीहून, इलेक्ट्रिक गाडी: "फास्ट चार्जिंगला लावली की पुढून केवढा मोठा आवाज येतो, आणि आत बसलं तर एसी पण कमी गार."

बॅटरी तापतेय आणि तिला गार करायला तुमचाच एसी कामाला लागलाय. ज्या गाड्यांत बॅटरीभोवती कूलंट फिरतं त्यांत तो कूलंट एसीच्याच गॅसने गार करतात, त्यामुळे कॉम्प्रेसर आणि पंखा फुल वेगात, आणि केबिनच्या वाट्याला उरलंसुरलं. चार्जिंग झाल्यावर ठीक होत असेल तर तक्रार नको. फक्त या गाडीचा एसी कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे उघडू नका. कॉम्प्रेसर मोठ्या व्होल्टेजवर चालतो, केशरी वायरला हात लावायचा नसतो, आणि त्यातलं तेल पण वेगळं, नेहमीचं टाकलं तर इन्सुलेशनची वाट लागते.

कोल्हापूरहून: "एसी लावला की पहिली दोन मिनिटं ओल्या कपड्यांचा वास येतोय. पहिल्या सर्व्हिसलाच एसी ट्रीटमेंटचे दीड हजार सांगायलेत, करू काय?"

पहिल्या सर्व्हिसला नको. गार जाळी ओली राहते, तिच्यावर बुरशी धरते, त्याचा तो वास. घरी पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी एसी बंद करून ब्लोअर तसाच चालू ठेवत जा, जाळी वाळते. पंधरा-वीस दिवस हे करून बघा, फिल्टर बदला, फिल्टर स्वतः आणून लावला तर काही शे रुपयांत होतो. तरी वास राहिला, किंवा डाव्या सीटच्या पायाखालचं मॅटिंग ओलं लागलं, तर पाणी जायची नळी तुंबलेली असू शकते, ती मोकळी करून मागा, आणि नव्या गाडीत त्याचे पैसे देऊ नका.