जुन्या टाटा ४०७ चा गिअरबॉक्स गेलाय, स्वस्तात कसा बदलायचा?

स्वस्तात करायचं तर आधी बॉक्स खोलून बघा आणि हाउसिंग (बाहेरचं कवच) चांगलं असेल तर पूर्ण बदलू नका, फक्त खराब भाग बदला, कारण बऱ्याचदा बेअरिंग, सिंक्रो रिंग (गिअर सहज पडावा म्हणून असते ती) आणि एखाददुसरा गिअर एवढंच गेलेलं असतं आणि ४०७ चे सुटे पार्ट अजून सगळीकडे मिळतात. हाउसिंगला तडा असेल किंवा शाफ्टच गेला असेल तर मग भंगार बाजारातला जुना बॉक्स घ्या (मुंबईत कुर्ला आहेच), पण घेताना हे बघाच:

- इनपुट शाफ्टचे (क्लचकडच्या दांड्याचे) दाते तुमच्या क्लच प्लेटला बसतात का
- बेल हाउसिंगची (इंजिनला जोडणाऱ्या कवचाची) भोकं आणि प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचा) फ्लँज, म्हणजे जोडायची चकती, जुळते का
- हाताने फिरवून सगळे गिअर पडतात का, ऑइलमध्ये लोखंडाचा चुरा आहे का

बिल घ्या आणि गाडीवर चढवून चालवून बघेपर्यंत परत घेण्याची बोली करा, ती नसेल तर स्वस्त बॉक्स पण महागात जातो. बॉक्स उतरलेलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंगही (क्लच दाबल्यावर काम करतं ते) बघून घ्या, नंतर तीच मजुरी परत द्यावी लागते. फक्त एक, गाडीचं फिटनेस सर्टिफिकेट संपत आलं असेल आणि चेसिसही गंजली असेल तर आधी एकूण खर्चाचा हिशोब करा, मगच बॉक्सला हात लावा.