सीरम दुधासारखं का आलं? (पुरणपोळीवरचं तूप रक्तात कसं पोचतं)

ताई, आधी घाबरू नका. तुम्ही लिहिलंय की आईंनी दुपारी दीडला तूप घालून पुरणपोळ्या खाल्ल्या, साडेचारला ब्लड दिलं आणि मग लॅबमधून फोन आला की सीरम (रक्त गोठल्यावर वर सुटणारं पाणी) दुधाळ आहे, उपाशीपोटी परत या. तूप थेट रक्तात जातं का, हा तुमचा प्रश्न. मी २२ वर्षं लॅबमध्ये ट्यूबा फिरवतोय, होळी-दिवाळीला असली सँपलं ठरलेली. खाली लाल गोळा आणि वर पिवळसर पाण्याऐवजी चक्क ताक!

थेट जात नाही, पण जातं. वाट जरा वाकडी आहे.

मुळात तेल-तूप पाण्यात मिसळत नाही, सगळी भानगड तिथे आहे. तुपकट पातेलं नुसत्या पाण्याने निघतं का, साबण लागतोच ना, तर पोटात ते काम पित्त करतं. तूप लहान आतड्यात उतरलं की पित्ताशय आकसतं, पित्त येतं, तुपाचे बारीक बारीक थेंब होतात आणि मग स्वादुपिंडातलं लायपेज (चरबी कापणारं एंझाइम) त्यांच्यावर तुटून पडतं. तूप असो की शेंगदाण्याचं तेल, बहुतेक सगळं ट्रायग्लिसराइडच, म्हणजे एका ग्लिसरॉलला तीन फॅटी ॲसिडं चिकटलेली. लायपेज कडेची दोन कापतं, मधलं तसंच ठेवतं. हे तुकडे पित्ताबरोबर आतड्याच्या भिंतीपर्यंत येतात आणि पेशीत शिरतात.

आणि आत गेल्यावर पेशी काय करते, तर तेच तुकडे परत जोडते! एवढी कापाकापी करून पुन्हा ट्रायग्लिसराइडच. मग त्यावर प्रोटीन वगैरेचं आवरण चढवून गोळे बनवते, त्यांना म्हणायचं कायलोमायक्रॉन. हे गोळे इतके मोठे की आतड्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून आत जाऊच शकत नाहीत. साखर, प्रोटीन सगळे आधी लिव्हरला हजेरी लावतात, हे पठ्ठे मात्र लसिकावाहिन्यांत (लसिका म्हणजे लिम्फ वाहून नेणाऱ्या वेगळ्या नळ्या) घुसतात, छातीतून वर चढतात आणि मानेच्या खाली डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत येऊन रक्तात पडतात. लिव्हरला बायपास.

१६२२ साली इटलीत मिलानला गास्पारे आसेली नावाच्या सर्जनने नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याचं पोट उघडलं तर आतड्याभोवती पांढरे दोरे दिसले. आधी त्याला ते मज्जातंतू वाटले, एक कापला तर दुधासारखं बाहेर आलं. उपाशी कुत्र्यात शोधायला गेला तर काहीच दिसेना. आईंच्या ट्यूबमध्ये तेच दूध होतं.

हे गोळे रक्तात आले की स्नायू आणि चरबीजवळच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर दुसरं एक लायपेज बसलेलं असतं, ते त्यांच्यातली फॅटी ॲसिडं काढून घेतं आणि उरलेला चोथा लिव्हर उचलतं. जेवणानंतर साधारण ३-४ तासांनी रक्तात हे सगळ्यात जास्त असतं, म्हणजे दीड ते साडेचार, नेमकी वेळ साधलीत तुम्ही :) आमचं मशीन सँपलमधून प्रकाश पाठवून मोजतं, ते गढूळ असलं की बरेच आकडे चुकतात. शिवाय बऱ्याच ठिकाणी एलडीएल (ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते) थेट न मोजता हिशोबाने काढतात आणि ट्रायग्लिसराइड ४०० mg/dL च्या वर गेलं की तो हिशोब चालत नाही.

एक जुनी ट्रिक सांगतो, असली ट्यूब रात्रभर फ्रिजमध्ये उभी ठेवायची. सकाळी वर सायीसारखा थर आणि खाली स्वच्छ, तर ते कायलोमायक्रॉन. सगळंच सारखं गढूळ राहिलं तर तो माल लिव्हरने स्वतः बनवलेला, चरबीचे त्याहून लहान गोळे, त्यांना म्हणायचं व्हीएलडीएल. आणि तो नुसत्या तुपातून होत नाही हं, गूळ, साखर, मैदा, दारू जास्त झाली की लिव्हर त्याचीही चरबी करून रक्तात सोडतं. म्हणून तूप बंद करून चहात तीन चमचे साखर चालू ठेवणारे लोक बघितले की मला हसू येतं.

वर कोणीतरी लिहिलंय की खोबरेल तेल थेट लिव्हरला जातं, ते अर्धवट खरं आहे. ८ आणि १० कार्बनवाली छोटी फॅटी ॲसिडं जातात, पण खोबरेलात जवळजवळ निम्मं १२ कार्बनवालं लॉरिक असतं आणि त्यातलं बरंच या लसिकेच्याच वाटेने येतं. व्हिटॅमिन ए, डी, ई, के पण याच गाडीत बसतात, त्यामुळे डीची गोळी जेवणानंतर घ्या म्हणतात.

आता आईंना १०-१२ तास उपाशी ठेवून सकाळी न्या, पाणी चालतं, चहा नाही (रोज एक तरी पेशंट म्हणतो “चहाच तर घेतला, दूध कमी होतं”). शुगर आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत, ती कंट्रोलमध्ये नसली की ते केशवाहिन्यांवरचं लायपेज मंदावतं, तेव्हा तीही सोबत तपासून घ्या. आणि उपाशीपोटीही सीरम पांढरंच आलं तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी फिजिशियनला दाखवा, ट्रायग्लिसराइड हजाराच्या आसपास गेलं की स्वादुपिंडाला सूज येण्याची भीती असते.