वाचकांचे प्रश्न : सातारा जिल्हा केव्हा आणि कोणत्या बाजूने पाहावा?

सातारा जिल्ह्यातील प्रेक्षणीय स्थळांविषयी गेल्या काही अंकांत बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तीन दिवसांसाठी साताऱ्याला यायचे आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि शाळकरी मुले असतील. कास, ठोसेघर, सज्जनगड, महाबळेश्वर, प्रतापगड आणि वासोटा एवढे सगळे बसेल का? (एक वाचक, ठाणे)

वासोटा आधी यादीतून काढावा. हा किल्ला कोयना अभयारण्याच्या गाभ्यात, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत आहे. तेथे जाण्यासाठी बामणोलीहून कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातून लाँचने पलीकडे जावे लागते, वन विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि घनदाट जंगलातून दोन-तीन तासांची चढण चढून संध्याकाळपूर्वी परतावे लागते. पावसाळ्यात ही वाट बंद असते. ती उघडल्यानंतर, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान, मुले थोडी मोठी झाल्यावर वासोट्यासाठी स्वतंत्र दिवस काढावा, कारण बाबूकड्याच्या काठावरून कोकणाकडे पाहण्याचा अनुभव घाईगर्दीत घेण्यासारखा नाही.

उरलेली ठिकाणे तीन दिवसांत होतील, मात्र त्यांचा क्रम नीट लावावा. सज्जनगड आणि ठोसेघरचा धबधबा एकाच रस्त्यावर आहेत, त्यामुळे पहिला दिवस त्यांना द्यावा. सज्जनगडावर चांगल्या बांधलेल्या पायऱ्या आहेत आणि वाहनतळ बराच वर असल्यामुळे सावकाश चढणाऱ्या ज्येष्ठांनाही गड जमतो. पूर्वीचा हा परळीचा किल्ला. समर्थ रामदासांनी आयुष्याची अखेरची वर्षे येथे काढली आणि १६८२ मध्ये येथेच देह ठेवला. त्यांची समाधी राममंदिराच्या तळघरात आहे. त्याच दिवशी वेळ उरल्यास अजिंक्यतारा पाहावा. हा किल्ला शहराच्या अगदी डोक्यावर आहे आणि गाडी जवळजवळ दरवाजापर्यंत जाते. औरंगजेबाच्या फौजेने कित्येक महिने वेढा घातल्यावर १७०० मध्ये तो पडला आणि मोगलांनी त्याचे नाव ‘आझमतारा’ ठेवले. पुढे तो मराठ्यांकडे परत आला आणि जानेवारी १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला. असा इतिहास असलेल्या गडाकडे महाबळेश्वरच्या घाईत असलेले पर्यटक फिरकतही नाहीत, याचे आश्चर्य वाटते.

दुसरा दिवस कासचा, आणि तो शनिवार किंवा रविवार असू नये. कास पठार साताऱ्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर असून पश्चिम घाटातील ज्या ३९ स्थळांना २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत त्याचा समावेश आहे. येथे जमीन नावापुरतीच आहे. जांभ्या खडकाच्या सपाट पाठीवर मातीचा पातळ थर साचलेला असतो, त्यात अन्नद्रव्ये फारशी नसतात आणि पावसाळा संपताच तो वाळून कोरडाठाक होतो. त्यामुळे येथील वनस्पतींना उगवणे, फुलणे आणि बी धरणे ही सारी कामे पावसाच्या थोड्या महिन्यांत उरकावी लागतात, आणि म्हणूनच गेंद, तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे अशी फुले एकाच सुमारास पठारभर दिसतात. निळसर-जांभळ्या रंगाची नाजूक सीतेची आसवे आणि पानांवर चिकट थेंब मिरवणारा दवबिंदू या दोन्ही वनस्पती कीटकभक्षी आहेत, कारण मातीत न मिळणारे नत्र त्या बारीक जीवांपासून मिळवतात. मुलांना ही गोष्ट आधी सांगून ठेवावी, म्हणजे ती फुलांपाशी वाकून बसतील. येथे उगवणाऱ्या वायतुऱ्याच्या शास्त्रीय नावात ‘सातारेन्सिस’ हा शब्द आहे. टोपली कारवी मात्र दर सात वर्षांनीच बहरते, त्यामुळे ती दिसली नाही म्हणून हिरमुसण्याचे कारण नाही. बहर पावसावर अवलंबून असल्याने तो दरवर्षी थोडा पुढे-मागे होतो. हंगामात पर्यटकांची संख्या मर्यादित ठेवली जाते, म्हणून आधी नोंदणी करावी, सकाळी लवकर पोहोचावे आणि आखलेली पायवाट सोडू नये. छायाचित्रासाठी फुलांत लोळणाऱ्या हौशी मंडळींनी पठाराचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे गुरांनी कधी केले नसेल.

तिसऱ्या दिवशी महाबळेश्वरमार्गे प्रतापगड पाहावा. जावळी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली हा किल्ला १६५६ च्या सुमारास बांधून घेतला. त्याची नजर पार घाटावर आहे, आणि हे कारण लक्षात ठेवून तटावर उभे राहिले तर १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाला नेमके येथे का यावे लागले, हे भूगोलावरूनच उलगडते. सप्टेंबरात धुके आडवे आले तर दरी दिसणार नाही, एवढी मनाची तयारी असावी. आई-वडिलांना बालेकिल्ल्यापर्यंतच्या पायऱ्या झेपल्या नाहीत, तर त्यांनी खालच्या भागातील भवानीमातेच्या मंदिरापर्यंत यावे.

प्रश्न : क्षेत्र महाबळेश्वरला पाच नद्यांचा उगम आहे, असे म्हणतात. हे भूगोलाच्या दृष्टीने खरे आहे का? (एक शिक्षिका, अहिल्यानगर)

पंचगंगा मंदिरातील गोमुखातून पडणारे पाणी कृष्णा, वेण्णा, कोयना, गायत्री आणि सावित्री या पाचही नद्यांचे मानले जाते. हा श्रद्धेचा भाग झाला. भूगोलाच्या दृष्टीने म्हणायचे, तर महाबळेश्वरचे पठार हा मोठा जलविभाजक आहे आणि या नद्यांचे उगम त्याच्या निरनिराळ्या उतारांवर आहेत. सावित्री पश्चिमेकडे कोसळून बाणकोटजवळ अरबी समुद्राला मिळते, तर कृष्णा पूर्वेकडे निघून सुमारे चौदाशे किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागरापर्यंत जाते. वेण्णा साताऱ्याजवळ संगम माहुली येथे कृष्णेला मिळते. कोयनेची वाट सर्वांहून वेगळी आहे. सह्याद्रीच्या दोन रांगांमधून ती बराच काळ दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेकडे वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरून भेटते, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तेथेच आहे. कोयनेच्या त्या लांबट, अरुंद दरीमुळेच शिवसागर जलाशय इतका दूरवर पसरला आहे. विद्यार्थ्यांना न्यायचे असेल, तर क्षेत्र महाबळेश्वरहून थेट कऱ्हाडपर्यंत नेण्याचा विचार करावा.

प्रश्न : लिंब येथील बारा मोटेची विहीर काही ठिकाणी १६४१ ची, तर काही ठिकाणी १७१९ नंतरची सांगितली जाते. खरे काय? (एक वाचक, पुणे)

शक आणि इसवी सन यांच्या घोटाळ्यातून हा फरक पडला आहे. विहिरीचे बांधकाम शके १६४१ ते १६४६ या काळातले आहे आणि शकात ७८ मिळवले म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ येतो. ही विहीर वीरूबाई भोसले यांनी बांधवली. त्या शाहू महाराजांच्या परिवारातल्या असल्यामुळे १६४१ हे इसवी सन असूच शकत नाही, कारण त्या वेळी शाहू महाराजांचा जन्मही झालेला नव्हता. विहिरीचा आकार अष्टकोनी आहे आणि तिच्या पोटात छोटा महाल आहे. तेथल्या गारव्याला दुपारच्या उन्हात तोड नाही. वाई-सातारा प्रवासात महामार्गापासून थोडी वाट वाकडी केली, की लिंब गाठता येते. पाण्यात उतरू नये, आणि कठड्यावर मुलांना मोकळे सोडू नये.

प्रश्न : पावसाळा आणि घाट दोन्ही टाळून हिवाळ्यात पाहण्यासारखे काही आहे का? (एक वाचक, नागपूर)

भरपूर आहे, फक्त तोंड पूर्वेकडे वळवावे लागेल. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्याला पाचशेच्या आसपास समाधान मानावे लागते. या कोरड्या भागातले डोंगर उघडेबोडके असले, तरी पाहण्याजोगे आहेत. सातारा-पंढरपूर रस्त्यावरचा वर्धनगड थोड्या श्रमात होतो. शिखर शिंगणापूरचा शंभू महादेव हे भोसले घराण्याचे दैवत असून तेथील तलाव मालोजीराजांनी बांधवला, असे सांगतात.

या बाजूला एकच ठिकाण पाहायचे असेल, तर मात्र औंध निवडावे. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे कट्टर पुरस्कर्ते होते आणि १९३९ मध्ये राज्यघटना देऊन त्यांनी संस्थानाचा कारभार प्रजेच्या हाती सोपवला. यमाईच्या टेकडीवर त्यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या श्री भवानी वस्तुसंग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे तर आहेतच, शिवाय हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची कलाकृतीही आहे. दुष्काळी टापूतल्या एका लहानशा गावात हे सारे पाहायला मिळते. संग्रहालयाच्या सुट्टीचा दिवस आधी विचारून घ्यावा.

प्रश्न : मेणवलीची घंटा खरोखर पोर्तुगीजांची आहे का? (एक वाचक, पणजी)

होय. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यावर चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून आणल्या गेल्या आणि त्यांतली एक नाना फडणविसांच्या मेणवलीतील घाटावर मंदिराशेजारी टांगली गेली, असे परंपरेने मानले जाते. मेणवली वाईपासून अगदी जवळ आहे. नानांचा वाडा आणि कृष्णेचा घाट दोन तासांत पाहून होतो, आणि त्यानंतर वाईचा ढोल्या गणपतीही सहज करता येतो.